तळ्यापलीकडचं लुगडं

शुक्रवार उजाडला की रघूच्या पायातली बेडी हलकी व्हायची. तसं काही होत नसतं, लोखंड ते लोखंडच. पण ठाण्याच्या तुरुंगातून कैद्यांची रांग मासुंदा तळ्यातला गाळ उपसायला निघाली की बाकीचे कैदी पाय ओढत चालायचे, आणि हा घाटावरचा विशीतला पोरगा मात्र वरातीत चालल्यासारखा पुढं पुढं व्हायचा. शिपाई शिव्या घालायचे. ज्याची बेडी रघूच्या बेडीला साखळीनं जोडलेली होती तो म्हातारा धोंडीबा तर रडकुंडीला यायचा. "अरे, जरा दमानं! तुझी आय काय पळून चाललीय का?" असं तो दर शुक्रवारी म्हणायचा, आणि दर शुक्रवारी धापा टाकत तळ्यावर पोचायचा.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर किरिस्तावांची इगर्ज, म्हणजे चर्च, आहे. तिच्या आवाराच्या भिंतीला टेकून एक बाई बसलेली असायची. अंगावर जांभळं लुगडं, डोक्यावरच्या पदराला हातभर तांबडं ठिगळ. मध्ये एवढं पाणी की चेहरा दिसायची सोय नाही, आणि शिपाई कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. रघू दोन्ही हात कपाळाला लावायचा. पलीकडून दोन हात वर व्हायचे. मग थोड्या वेळानं ती बाई उठून खाडीच्या वाटेला लागायची, कारण भरती-ओहोटी साधून होडीनं कल्याणला परतायचं असायचं. एवढीच भेट. पण तेवढ्यावर पोरगा आठवडाभर घाम गाळायचा, भाकरीतली माती गिळायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

हे तोंड न उघडण्याचं नीट सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

रघू नगरकडचा. तिकडं पाऊस सलग दोन वर्षं फिरकला नाही, तेव्हा बाप, आई आणि तो असे तिघं घाट उतरायला निघाले. बाप घाटातच राहिला. त्याचं तांबडं पागोटं तेवढं आईनं, राहीबाईनं, उचलून आणलं आणि कल्याणला पोचल्यावर त्याचा तुकडा आपल्या फाटक्या पदराला ठिगळ म्हणून लावला. विधवा बाईच्या डोक्यावर तांबडं बघून शेजारणी कुजबुजल्या. "त्येंच्या पागोट्याचं हाय. ज्येला बघवत न्हाई त्येनं डोळं मिटावं," एवढंच ती बोलली. तिच्याजवळ लुगडं ते एकच. खाडीवर धुवायला जायची तेव्हा अर्धं नेसून अर्धं वाळवायची, मग वाळलेलं नेसून उरलेलं धुवायची. खाडीकाठच्या चिखलात दुष्काळातून आलेल्या माणसांच्या झोपड्या पडल्या होत्या, त्यातली एक त्यांची. झोपडी म्हणायची, कारण दुसरा शब्द नाही.

कल्याणात काम नव्हतं. हमालीला एकेका पोत्यामागं दहा-दहा माणसं धावायची. आणि डोळ्यांसमोरून रोज ज्वारीनं भरलेल्या मालगाड्या घाटावर जात होत्या, दुष्काळी मुलखासाठी. मुंबई बंदरातून आलेलं धान्य रघूच्या गावाकडं निघालेलं, आणि गावचा रघू इथं उपाशी. सरकारी शहाणपण म्हणायचं ते हेच.

गुणाजी त्याला इथंच भेटला. कोलशेतच्या मिठागरावरचा हा आगरी पोरगा, मुकादमाशी मारामारी करून कल्याणात आलेला. रघूहून चार वर्षांनी मोठा, बोलायला गोड, हसला की समोरच्याला आपणच शहाणे आहोत असं वाटायचं. त्याचा जोडीदार कॉस्मास, ठाण्याचा किरिस्ताव, बापाची होडी चालवणारा. लोक त्यांना गुणाजीची टोळी म्हणत. दरारा टोळीचा आणि माणसं तीन, त्यातही एक सतत भुकेला.

त्यांची चोरीची रीत साधी होती. दुपारी उन्हाच्या तडाख्यात पहारेकरी सावलीला पेंगत. त्या वेळी वाघिणीखाली, म्हणजे मालाच्या डब्याखाली सरकायचं, तिरका कापलेला पोकळ बांबू तळाच्या फटीतून वर पोत्यात खुपसायचा आणि खाली गोणपाट धरायचं. ज्वारी आपली आपण झरझर खाली येते. कुलूप शाबूत, लाखेचा शिक्का शाबूत. घाटावर पोत्याचं पोट खपाटीला गेलेलं दिसेपर्यंत माल कॉस्मासच्या होडीतून भलतीकडं गेलेला असायचा.

टोळीत घेताना गुणाजीनं रघूच्या मुठीत मीठ आणि ज्वारी एकत्र दिली होती. मिठागरावरच्या पोरांची शपथ अशीच असते म्हणे. "जो सापडंल त्यानं तोंड शिवायचा," गुणाजी म्हणाला होता. "आन् बाकीच्यांनी त्याचा घर चालवायचा. तुजी आयस ती माजी आयस. खा." रघूनं मूठ तोंडात टाकली. घशाला मीठ झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला वाटलं, बाप गेल्यापासून आपल्याला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं.

मग एका दुपारी घात झाला. पहारेकरी जागा होता. तो खाली वाकला तसा गुणाजीनं त्याच्या हातावर पहार हाणली. हाड मोडल्याचा आवाज रघूनं ऐकला. गुणाजी पळाला, कॉस्मास पळाला. रघूही पळाला असता, पण अर्धं भरलेलं गोणपाट त्याच्या हातात होतं आणि ते सोडवेना. आईनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. त्या गोणपाटासकट तो सापडला.

फौजदार शिकला-सवरलेला माणूस होता, हात न उगारता बोलायचा. "हे बघ, पहार तुझी नव्हे हे मला कळतं. नाव सांग आणि आईकडे जा," तो म्हणाला. रघू गप्प. चौकीत एका शिपायानं त्याला काठीनं ढोसलं, तर बाहेर बसलेली राहीबाई आत घुसली आणि शिपायाच्या मनगटाला कडकडून चावली. तिला उचलून बाहेर टाकावं लागलं. त्याही वेळी रघू गप्पच राहिला. तीन वर्षं सक्तमजुरी झाली. निघताना गर्दीतून गुणाजीनं छातीवर हात ठेवून मान हलवली, आणि रघूला वाटलं, झालं, आईची भाकर पक्की झाली.

सुरुवातीच्या शुक्रवारी राहीबाई कॉस्मासच्या होडीतून तळ्यावर आली तेव्हा तिनं ऊर बडवून काठ डोक्यावर घेतला होता. "माझ्या लेकरानं हात न्हाई उचलला वो कुनावर!" हे पलीकडून इकडं ऐकू यायचं. शिपाई तिला हुसकावत, ती फिरून यायची. मग पावसाळा लागला. कैद्यांना काठावर खडी फोडायला बसवलं, आणि पलीकडं ती गुपचूप बसू लागली. आरडाओरडा नाही, ऊर बडवणं नाही. आई शहाणी झाली, रघूनं मनाशी म्हटलं. पोट भरलं की माणूस निवतं. मनातल्या मनात त्यानं गुणाजीला हात जोडले.

फौजदार अधूनमधून यायचाच, कारण वाघिणीतून ज्वारी झरणं थांबलं नव्हतं. "अजून वेळ गेलेली नाही. तुझे दोस्त मजेत आहेत बरं का," तो म्हणायचा. रघू तळ्यापलीकडं बघायचा. त्याची आई जेवत होती. त्याला आणखी काही नको होतं.

माघातल्या एका शुक्रवारी ती आली नाही. सकाळ गेली, ऊन चढलं, भिंत रिकामी. रघूच्या हातातली पाटी दोनदा सांडली. मग डोकं तापायच्या वेळेला ती घाईघाईनं आली आणि बसली. ओहोटी लांबली असणार, होडी अडली असणार. रघूनं हात कपाळाला लावले, तिनं हात वर केले, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात इगर्जीची बाराची घंटा वाजली.

ती बाई उठून उभी राहिली. मान खाली घातली. मग उजवा हात कपाळाला, छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. बघून बघून केलेलं नव्हे ते. लहानपणापासून जो हात रोज तसाच फिरतो त्याचं ते फिरणं होतं, विचार न करता. घंटा थांबली तशी ती पुन्हा बसली.

रघू गाळात तसाच उभा राहिला. शिपायाची काठी पाठीत बसली तेव्हा कुठं तो हलला.

"बाबा," त्यानं धोंडीबाला विचारलं, "माझी आई किरिस्तावासारकं का करती?"

धोंडीबा चार वेळा तुरुंगात येऊन गेलेला माणूस. त्याच्या मनात जे आलं ते त्यानं गिळलं आणि वेगळंच बोलला. "बाटली असंल रे. दुष्काळात पाद्र्याच्या भाकरीवर किती जनं बाटली. पोटाला जात नसती."

हे रघूनं दोन्ही हातांनी धरलं. बाटली तर बाटली! विठोबा काय, येशू काय, आई जिवंत आहे ना? आठवडाभर तो हेच घोकत राहिला. पण घोकता घोकता दुसरंच काही पुढं यायचं. गुणाजी तिला खायला घालत होता ना? मग पाद्र्याची भाकर कशाला लागली? आणि चौकीत शिपायाला चावणारी बाई एवढी गुपचूप कशी बसायला शिकली? त्यानं स्वतःलाच शिवी हासडली. असले विचार करणारा पोरगा आईच्या पोटी यायलाच नको होता, असं त्याला वाटलं.

तरी पुढच्या शुक्रवारी त्यानं खेळ केलाच. पलीकडं ठिगळ दिसलं, हात जोडून झाले, आणि भरली पाटी घेऊन तो तोंडावर गाळात पडला. उठला नाही. धोंडीबा घाबरून ओरडू लागला, शिपाई धावले. राहीबाईनं हे बघितलं असतं तर तळ्यात उडी घेतली असती. पोहता येत नव्हतं तरी घेतली असती.

रघूनं गाळातून एक डोळा वर केला. ती उठली होती. दोन पावलं पुढं आली होती. तोंडावर हात गेला होता, म्हणजे वाईट वाटलं असणार. मग तो हात कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लागला. आणि ती तिथंच उभी राहिली.

ती आई नव्हती. हे त्याला तेव्हा कळलं, आणि हेही कळलं की ते त्याला आठवडाभर ठाऊक होतं. त्याला रडू आलं नाही. त्याला एवढी लाज वाटली की गाळातून उठूच नये असं वाटलं. कितीतरी शुक्रवार तो एका परक्या बाईला आई समजून हात जोडत आला होता, आणि कुणीतरी कुठंतरी बसून त्याला हसत होतं.

फौजदार आला तेव्हा रघू आपण होऊन बोलला. "माझी आई जिती हाय का मेली, तेवढं बगून या. मग बोलतो."

फौजदार थट्टा करणार होता, पण पोराचा चेहरा बघून नुसतीच मान हलवून गेला. परत आला तो काहीसा अवघडूनच. "आषाढातच गेली रे," तो म्हणाला. "महिनाभर तुझ्या मित्रानं धान्य दिलं, मग बंद केलं. मागायला गेली तर हाकललं. धर्मशाळेच्या दारात खिचडीच्या रांगेत पडली. बेवारस म्हणून कुणी दोन पोरांनी उचलून नेली."

"अंगावर काय व्हतं तिच्या?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

रघूनं पुन्हा विचारलं, "साहेब, तिला लुगडं एकच व्हतं. मग अंगावर काय व्हतं?"

"शुक्रवारी तळ्यावर येतो, तिथं बोल," एवढं म्हणून फौजदार वळला.

पुढच्या शुक्रवारी फौजदार तळ्यावर रघूच्या शेजारी उभा राहिला. पलीकडं भिंतीपाशी जांभळं लुगडं येऊन बसलं. इतके दिवस ज्या ठिगळाकडं बघून रघूनं दिवस ढकलले, त्याच्याकडं आज त्याला बघवेना.

"बोल, कोण कोण होते?" फौजदार म्हणाला.

रघूनं चिखलानं भरलेला हात उचलून पलीकडं बोट दाखवलं. "त्या बाईच्या अंगावर चोरीचा माल हाय. माझ्या आईचं लुगडं हाय त्ये. कुनी दिलं इचारा तिला, म्हंजे समदी नावं भेटतील."

दोन शिपाई तळ्याला वळसा घालून निघाले. बाईला ते दिसले नाहीत. तिचं लक्ष रघूकडं होतं. आज त्यानं हात जोडले नव्हते, म्हणून तीच दोन्ही हात वर करून वाट बघत होती. शिपायांनी तिला धरलं तेव्हाही हात वरच होते. धोंडीबानं मान फिरवली. रघूनं मात्र शेवटपर्यंत बघितलं.

ती कॉस्मासची बहीण सबीना निघाली. तिच्यामागून कॉस्मास सापडला आणि कॉस्मासमागून गुणाजी.

ठाण्याच्या कोर्टात मुद्देमालाच्या टेबलावर एक पोकळ बांबू, एक पहार आणि घडी घातलेलं जांभळं लुगडं ठेवलं होतं. लुगड्याला सुतळी बांधून लाखेचा शिक्का मारला होता. पिंजऱ्यात गुणाजी उभा होता, डोक्याला तेल, अंगावर धड बंडी. रघू साक्षीला उभा राहिला तसा तो हसला, पूर्वीसारखाच गोड. "रघ्या, माज्या हातचा मीठ खाल्लंस रे तू," तो म्हणाला, आणि कोर्टातल्या दोन-चार माणसांना खरंच वाटलं की बेइमान तो साक्षीदार आहे. रघूनं त्याच्याकडं बघितलं. या माणसावर आपण जीव टाकला होता.

सबीना काळीसावळी, हडकुळी, रघूच्याच वयाची होती. इतके महिने तो जिला म्हातारी समजत होता ती. विचारलेल्या प्रश्नांची तिनं काही न लपवता उत्तरं दिली. होय, म्हातारी मेलेली ठाऊक होती. होय, गुणाजीनं पाठवलं, पोरगा तोंड उघडंल म्हणून. होय, लुगडं कॉस्मासनं आणलं.

"तुला याची लाज नाही वाटली?" मॅजिस्ट्रेट साहेबाच्या वतीनं कोर्टाच्या शिरस्तेदारानं विचारलं.

"वाटली," सबीना म्हणाली. "दुसऱ्यांदा नाय गेली असती. पन तो हात जोडायचा. मी नाय गेली तर त्याला कळंल, आय मेली म्हनून. मंग जात रेली."

हे ऐकून रघूला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच त्याला राग आला. जगात एका माणसाला आपली कीव आली होती आणि तिनंही आपल्याला फसवलंच.

"मला एक इचारायचंय तिला," तो मोठ्यानं म्हणाला. साक्षीदाराला विचारायचा अधिकार नसतो. शिरस्तेदार खेकसला, पण फौजदार साहेबाच्या कानाशी काहीतरी बोलला आणि साहेबानं मान हलवली.

"लुगडं काढून घेतलं तवा तिला कशात गुंडाळलं?"

सबीनानं गुणाजीकडं बघितलं. गुणाजी आता हसत नव्हता. कॉस्मास पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"गोनपाटात," ती म्हणाली. "झोपडीत होता एक, घडी घातलेला. तेच."

कोर्टानं लुगडं रघूच्या हवाली केलं. शिक्का फोडून त्यानं पदर नाकाला लावला. सुक्या मासळीचा आणि खाडीचा वास आला, आणखी कशाचा नाही. त्या गोणपाटाची त्याला पक्की ओळख होती. टोळीच्या पहिल्याच चोरीतलं ते. ज्वारी रिकामी केल्यावर गुणाजी ते फेकून देणार होता, तर रघूनंच मागून घेतलं होतं. खाली चिखल होता, आईला अंथरायला होईल म्हणून.